त्याचा स्वतःचा श्वास

४ नोव्हेंबर, मंगळवार

टिल्लू दाढी करताना पडला. अर्धी दाढी झाली होती. आईला आवाज आला तेव्हा तिला वाटलं बादली पडली!

अतिदक्षता विभागात आहे. मेंदूत रक्तस्राव. डॉक्टरांनी स्कॅन दाखवला. पांढरं दिसतं ते रक्त म्हणे. बरंच पांढरं होतं.

जेवले नाही. सवय म्हणून लिहिलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज नीट लिहिते.

या विभागात मी कितीतरी वेळा आलेय. गळ्यात ओळखपत्र, खांद्यावर हत्यारांची बॅग. इथली श्वासाची मशीनं, म्हणजे व्हेंटिलेटर, आमची कंपनी बघते आणि कंपनीतर्फे मी बघते. सकाळी सिस्टर मला पाहून म्हणाल्या, "या मॅडम! आज कोणतं बंद पडलं?" मी म्हटलं, "आज मशीन नाही. भाऊ आहे." बिचाऱ्यांचा चेहराच उतरला. मग त्यांनी स्वतः खुर्ची आणून दिली. इतक्या वर्षांत या खोलीत मला कोणी खुर्ची दिलेली नाही. मी आपली मशीनच्या मागे फरशीवर बसून काम करते.

टिल्लू माझा धाकटा भाऊ. लहानपणी इतकुसा होता म्हणून टिल्लू. पुढे ताडमाड वाढला, पण नाव काही सुटलं नाही. गाडी चालवायला शिकवतो. शिकणारेही त्याला टिल्लू सर म्हणतात, आणि तो ओ देतो! पलंग त्याला पुरत नाही. पाय बाहेर येतात.

आई पायाशी बसते. मी मशीनशी. कोणी ठरवलं नाही, तसंच झालं. मशीनकडे बघता येतं. आकडे बघायचे, नळ्या बघायच्या. त्याच्या तोंडाकडे मी अजून नीट पाहिलेलं नाही. हे कोणाला सांगितलं नाही.

मेंदूचे डॉक्टर भेटले. हळू बोलतात, बोलताना चष्मा शर्टाला पुसत राहतात. म्हणाले, ऑपरेशनने काही होणार नाही. सूज फार आहे. झोपेची औषधं आज बंद केली. त्यांचा अंमल पूर्ण उतरला, अंगाचं तापमान ठीक राहिलं, की मेंदू काम करतोय की नाही ते तपासायचं.

मामा म्हणाला, "आणि नसेल करत तर?"

"तर तो गेलाय, असं आम्ही सांगतो."

"अहो, पण हृदय चाललंय ना! मी हात लावून पाहिलं."

डॉक्टरांनी न कंटाळता समजावलं. हृदय स्वतःचं स्वतः चालतं. त्याला हवा मिळत राहिली की काही काळ धडधडतं. श्वासाचं तसं नाही. श्वास घे, हा हुकूम मेंदूच्या बुडातून येतो. तिथून हुकूम येणं कायमचं थांबलं, तर छाती हलते ती फक्त मशीनमुळे.

मामाला हे सगळं नवीन होतं. मला यातलं काहीच नवीन नव्हतं. नवीन सिस्टर लोकांना हे मीच शिकवते. पडद्यावर चित्र दाखवून. मध्ये एक विनोदही असतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी डॉक्टरांनी त्याच्या तळव्यावरून किल्ली ओढली. अंगठा हलला, मग गुडघा जरासा वर आला. आई ताडकन उठली. "बघा! ब्रेक दाबतोय!"

टिल्लूचा पाय कुठल्याही गाडीत बसला तरी ब्रेक शोधतो. शिकवायच्या गाडीला त्याच्या बाजूलाही ब्रेक असतो, त्याची सवय. बसमध्येसुद्धा मधेच खट्कन पाय दाबायचा आणि समोरच्याच्या पिशवीला लाथ बसायची. मला शिकवताना तर तो पूर्णवेळ दाबूनच बसला होता! मी दोनदा नापास झाले तेव्हा म्हणाला, "ताई, तू मशीनं दुरुस्त कर. चालवू नकोस."

डॉक्टर आईला म्हणाले, "हे पाठीच्या कण्यातून होतं, आई. मेंदूला न विचारता. गरम तव्यावरून हात कसा आधी निघतो आणि मग चटका कळतो, तसं." आई खाली बसली. थोड्या वेळाने पुन्हा पाय चेपायला लागली.

दुपारी सिस्टर दुसऱ्या पेशंटकडे होत्या. मी पडद्याकडे बघत होते. पेशंटने स्वतः जरा जरी हवा ओढली तरी मशीनला ते कळतं. मग ते त्याच्या मागोमाग पूर्ण श्वास देतं आणि पडद्याच्या कोपऱ्यात निळा दिवा लागतो. म्हणजे हा श्वास त्याचा, मशीनचा नाही. किती जोर लावल्यावर कळावं ते बटणाने ठरवता येतं. त्याला ट्रिगर म्हणतात. इथे तो जड ठेवलेला होता. दार जड असलं की आतल्या अशक्त माणसाला ते ढकलवत नाही, असं मी शिकवताना सांगते.

मी तो हलका केला. अगदी टोकापर्यंत. त्याने जरा जरी ओढलं तर कळायला हवं, एवढंच मनात होतं. आई मान खाली घालून पाय चेपत होती. तिचं लक्ष नव्हतं. तेवढ्यात भेटायची वेळ संपली आणि आम्हाला बाहेर पाठवलं.

मामाच्या घरून डबा आला. उघडला नाही. आई म्हणाली, "दोन घास तरी." मी म्हटलं, नंतर.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

निळा दिवा लागतोय!

सकाळी आले तर लागत होता. एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा. पाळीवरच्या तरुण डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं आणि फाईलमध्ये लिहिलं: पेशंट स्वतः श्वास घेत आहे. आजची तपासणी रद्द. श्वास घेणाऱ्याचा मेंदू मेला, असं म्हणताच येत नाही ना!

फाईलमधली ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली.

मामाने बाहेर जाऊन सगळ्या नातेवाइकांना फोन लावले. त्याचा आवाज आतपर्यंत येत होता. "श्वास घेतोय! स्वतःचा स्वतः!" आईने कोणाला फोन केला नाही. ती माझ्याकडे बघून हसली. "लागला बघ तुझा दिवा. आता जेवशील ना?"

त्या दिव्याबद्दल तिला मीच पूर्वी कधीतरी जेवताना सांगितलं होतं. लक्षात ठेवलं तिने.

मी जेवले. डबा पुसून खाल्ला. आई समोर बसून बघत होती, लहानपणी आजारातून उठल्यावर बघायची तसं. मग बाहेरच्या बाकावर दुपारभर झोपले. मामा म्हणाला, घोरत होतीस.

८ नोव्हेंबर, शनिवार

दिवा चालू आहे.

आईने सिस्टरना विचारून त्याची उरलेली दाढी केली. नळीच्या चिकटपट्टीपाशी थोडी राहिली. म्हणाली, "असू दे. डोळे उघडल्यावर स्वतः करेल नाहीतर मला ओरडेल." माझ्याकडे बघूनच म्हणाली. मी हसले.

आज त्याच्याकडे पाहिलं. चेहरा सुजलाय, पण तोच आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

कसं लिहू!

आज धीर करून त्याचा हात हातात घेतला. गरम होता. मनगटावर बोट ठेवलं, नाडी लागली. नाडी मोजायची म्हणून नाही, उगाच. आणि नजर पडद्यावर होती, ती माझी कुठे जाणार! दिवा लागला तो ठोक्यावर. पुढचे काही ठोके गेले, पुन्हा लागला. ठोक्यावरच. मी बोट काढलं. पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच. एकदाही दिवा दोन ठोक्यांच्या मध्ये लागला नाही.

तो श्वास घेत नाहीये. हृदय छातीत आपटतं, त्याने फुप्फुसातली हवा किंचित हलते, ती हालचाल नळीतून मशीनपर्यंत जाते. ट्रिगर इतका हलका असला की मशीन तेवढ्यालाही श्वास समजतं. वाऱ्याने दार वाजलं आणि कोणीतरी आलंय समजून उघडावं, तसं.

आणि हे मला शिकवावं लागतं! "मॅडम, मशीन जास्तीचे श्वास देतंय," अशी तक्रार आली की मी फोनवरच विचारते, नळीत पाणी साचलंय का, ट्रिगर किती हलका आहे. झोपेतसुद्धा विचारेन. तीन दिवस या खुर्चीवर बसून तो दिवा बघतेय आणि तो प्रश्न मला पडला नाही. माझ्याच हाताने फिरवलेलं बटण!

मामा आत आला. म्हणाला, "उद्या-परवा डोळे उघडतो बघ." मी म्हटलं, हो.

हो म्हटलं मी.

जेवले. आई बघत होती म्हणून.

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळपासून बटण माझ्या हाताच्या अंतरावर होतं. परत जड केलं असतं तर कोणाला कळलंही नसतं. दिवा बंद झाला असता, सगळे म्हणाले असते, दमला बिचारा, हरला. ते मला जमेना. आणि नाही केलं तर हा असाच चालणार. आई पाय चेपत राहणार, मामा फोन करत राहणार, आणि टिल्लू असाच, ना इथला ना तिथला. किती दिवस? हृदय थांबेपर्यंत.

मला तो दिवा हवा होता. खोटा आहे हे कळल्यावरही हवा होता. आईसाठी म्हणून गप्प बसतेय असं स्वतःला सांगत होते. अर्धं खरं असेल.

मेंदूचे डॉक्टर आले. रक्ताचा रिपोर्ट हातात धरून उभे राहिले. स्वतःशीच म्हणाले, "कार्बन डायऑक्साइड इतका खाली कसा? स्वतः श्वास घेणारा माणूस एवढी हवा कशाला घेईल?" मग पडद्याकडे वळले. आता ते बटण बघणार हे मला कळलं.

मी म्हटलं, "डॉक्टर, ट्रिगर मी हलका केलाय. गुरुवारी. दिवा नाडीबरोबर लागतोय."

त्यांनी चष्मा काढला. पुसला. डोळ्यांवर चढवला. मनगटावर बोट ठेवून पडद्याकडे बघत राहिले. मग ट्रिगर परत जड केला.

दिवा बंद.

आम्ही दोघं वाट बघत उभे होतो. छाती मशीनच्या हिशेबाने वर, खाली, वर, खाली. निळं काही नाही.

"सांगितलंत ते बरं झालं," ते म्हणाले. "आता पुन्हा मशीनला हात लावू नका." आवाज तोच, हळू. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात आई बाहेरून आली आणि पायाशी बसली. डॉक्टरांनी तिला सांगितलं की तो श्वास त्याचा नव्हता, मशीनची गल्लत होती, उद्या तपासणी करू. माझं नाव घेतलं नाही. आता आई किंचाळेल, मशीनला धरेल, असं वाटत होतं. ती फक्त चादर ओढून त्याचे पाय झाकायला लागली. पाय मावेनात. मग उठली आणि मला म्हणाली, "चल, तोंड धुऊन घे."

मामा मात्र भडकला. "काल होता, आज नाही? काय चेष्टा आहे का!" भांडून भांडून दमला आणि जिन्यात बसून रडला. मी त्याच्याशेजारी बसले. मला रडू आलं नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पहिली तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, घरचं कोणी थांबणार असेल तर थांबू शकता. आई म्हणाली, "ही थांबेल." स्वतः बाहेर गेली.

आधी सगळ्या नोंदी पाहिल्या. औषधांचा अंमल नाही, अंग गार नाही, रक्तदाब ठीक. मग पापण्या उघडून टॉर्च मारला. बाहुल्या मोठ्या, तशाच. कापसाचा धागा डोळ्याच्या बुबुळाला लावला. माझेच डोळे मिटले, त्याचे नाही. भुवईच्या हाडावर अंगठा जोरात दाबला. डोकं अलगद एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला वळवलं. नजर डोक्याबरोबरच फिरली, चित्रातल्या डोळ्यांसारखी. कानात आधी नीट बघून घेतलं, मळ वगैरे नाही ना. मग बर्फाचं पाणी सोडलं. जिवंत मेंदू असेल तर डोळे पाण्याच्या बाजूला सरकतात म्हणे. वाट पाहिली. दुसऱ्या कानातही तेच. घशात नळी घालून हलवली. खोकला नाही.

डॉक्टर प्रत्येक गोष्ट करण्याआधी त्याला सांगत होते. "आता डोळ्यात उजेड टाकतो." "आता पाणी घालतो हं, गार आहे." सवयीने सांगत असतील. मला ते बरं वाटलं.

शेवटी श्वासाची. आधी त्याला भरपूर ऑक्सिजन दिला. रक्त घेतलं. मग मशीन सोडवलं. एक बारीक नळी आत ठेवली, त्यातून नुसता ऑक्सिजन. पोटापर्यंत उघडं केलं आणि सगळे छातीकडे बघायला लागले. शरीरात कार्बन डायऑक्साइड साचत जातो. मेंदूचं बूड जिवंत असेल तर ते त्याला सहन होत नाही, ते श्वास घ्यायला लावतंच. आपण दम कोंडून धरला तर शेवटी हरतो, तो याच्यामुळेच.

मशीन बोंबलायला लागलं, पेशंट नाही, पेशंट नाही. सिस्टरनी आवाज बंद केला. माझा हात त्यांच्या आधी उठला होता. मागे घेतला.

छाती हलली नाही. पोट हललं नाही. दाढी केलेल्या गालावर एक छोटी जखम होती, आईच्या हातून झालेली. मी तिच्याकडेच बघत होते. आणि मला जांभई आली. खरंच आली! लाज वाटली. कोणी पाहिलं नसावं.

पुन्हा रक्त घेतलं, मशीन जोडलं. छाती वर, खाली. रिपोर्ट आला. जेवढा वायू साचायला हवा त्याच्यापेक्षा जास्त साचला होता. तरी नाही.

डॉक्टर म्हणाले, "आज एवढंच. मध्ये वेळ सोडून दुसरी करायची असते. उद्या दुसऱ्या डॉक्टर असतील. एकाने पाहून ठरवायचं नसतं."

आईला काय सांगू असा विचार करत बाहेर आले. तिने काही विचारलंच नाही. तिने माझ्या केसातला कापूस काढला. कुठून आला होता कोण जाणे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दुसरी झाली. सगळं तेच. दुसऱ्या डॉक्टर बाई होत्या, त्याही त्याला सांगून करत होत्या. छातीकडे बघताना आज जांभई आली नाही. आज काहीच आलं नाही.

चाचणी संपली ती वेळ कागदावर लिहिली. तीच मृत्यूची वेळ. म्हणजे टिल्लू मंगळवारी बाथरूममध्ये गेला नाही, शुक्रवारी निळ्या दिव्यात नाही, काल नाही. आज गेला. कागदावर.

डॉक्टर आईसमोर खाली वाकून बसले. "आई, तुमचा मुलगा गेला."

"हात गरम आहे त्याचा."

"हो. मशीन आहे तोवर राहील."

"कानात गार पाणी घातलंत ना, त्याचा त्रास झाला का त्याला?"

"नाही. काही जाणवलं नाही."

"मग ठीक. गार पाणी त्याला अजिबात चालायचं नाही. उन्हाळ्यातसुद्धा गरम घ्यायचा."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. हातातच धरला.

मग अवयवदानाचं बघणाऱ्या बाई आल्या. नीट बोलल्या, घाई केली नाही. नको म्हणालात तरी कोणी काही म्हणणार नाही, असं दोनदा सांगितलं. मामा माझ्याकडे बघायला लागला, मी आईकडे. आई म्हणाली, "द्या. त्याला विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता. गाडीसुद्धा कोणालाही द्यायचा. पेट्रोल भरून!"

ऑपरेशनला नेताना छोटं, हातातून नेता येणारं मशीन लावलं. त्याच्या बाजूला कंपनीचा स्टिकर: तपासले, चालू स्थितीत. खाली माझी सही. गेल्या महिन्यात मीच तपासलं होतं. लिफ्टपर्यंत त्याच्याबरोबर चालले. नळीला कुठे पीळ पडलाय का एवढंच बघत होते. पीळ नव्हता. लिफ्टचं दार बंद झालं.

तेव्हा रडले. सिस्टरनी धरलं. खूप वेळ रडले आणि मग अचानक थांबलं, नळ बंद केल्यासारखं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सगळं आटोपलं. माणसं येऊन गेली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

गाडी शिकणारी एक मुलगी आली होती. दारातच उभी. "सरांनी उद्या रिव्हर्स शिकवतो म्हटलं होतं." आईने तिला आत बोलावून चहा दिला. मुलगी रडत होती, आई तिला समजावत होती की रिव्हर्स काही अवघड नसतं. आईला स्वतःला सायकलही येत नाही!

कंपनीतून फोन. सोमवारी आलात तरी चालेल. येते म्हटलं. कुठल्याही वॉर्डात पाठवा, फक्त तिथे नको, हे म्हणायचं राहिलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आईकडे बघवत नाही. ती माझ्या पानात वाढते आणि मला वाटतं, हिला मी चार दिवस फसवलं. हिचा मुलगा परत येतोय असं वाटायला लावलं आणि पुन्हा काढून घेतलं. डॉक्टर माझं नाव सांगत नाहीत म्हणून मी वाचणार का! ती ओरडेल. ओरडू दे. कदाचित बोलणं टाकेल. मग घरात आम्ही दोघीच, आणि तीही बोलत नाही. ते कसं सोसणार, माहीत नाही.

उद्या सांगते.

१६ नोव्हेंबर, रविवार

जेवताना सांगितलं. तो दिवा खोटा होता, बटण मी फिरवलं होतं.

आई म्हणाली, "फिरवताना पाहिलं मी तुला. तू फिरवलंस आणि मग दिवा लागला. न कळायला काय झालं?"

मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस?"

"तू जेवलीस ना त्या दिवशी."